चौथ्या क्रमांकाच्या वतीने, शॉनेसी साहेबांना

कै. फ्रँक शॉनेसी यांस,

सा. न. वि. वि.

तुम्ही 1969 च्या मे महिन्यात गेलात, तेव्हा हे पत्र तुमच्यापर्यंत पोचायचा प्रश्नच नाही. तरी चारचौघांसमोर लिहितोय. तुमचे आभार मानायला हवेत अशी माणसं खूप आहेत आणि त्यातल्या बहुतेकांनी तुमचं नावच ऐकलेलं नाही. मीही ऐकलं नव्हतं, आणि मी तर तुमच्याच मॉन्ट्रियलमध्ये राहतो.

इथे आमची उन्हाळ्यातली रविवारची क्रिकेट लीग आहे. आठ संघ, सगळे आपल्याच बाजूचे: पुणेकर, पंजाबी, तमिळ, लंकेचे, लाहोरचे. मैदान मिळवणं, पंच गाठणं आणि वेळापत्रक लावणं हे काम माझ्या गळ्यात आहे. नुसती साखळी खेळायचो तोवर ऑगस्ट लागला की लीगची हवाच जायची. वरच्या दोन संघांत चुरस, बाकीच्यांना अचानक बारशी, बार्बेक्यू आणि विमानतळावरून आणायचे सासरे आठवायचे. मैदानाचं भाडं भरलेलं, पंच टोपी घालून उभे, आणि एका संघाचे सातच जण हजर. मग आमच्यातल्या एका पोराने, जो इथेच लहानाचा मोठा झाला आणि बेसबॉल बघत वाढला, सुचवलं की पहिले चार संघ घ्या, त्यांची बाद फेरी लावा आणि कप ती जिंकेल त्याला द्या. "शॉनेसी प्लेऑफ म्हणतात याला," तो सहज म्हणाला.

शॉनेसी कोण हे बघायला म्हणून बसलो आणि तुमच्या कारकिर्दीत चांगलाच अडकलो.

1883 मध्ये इलिनॉयमधल्या अँबॉय गावी जन्म. नोटर डेम विद्यापीठात शिक्षण, 1904 च्या (अमेरिकन) फुटबॉल संघाचे कप्तान. बेसबॉलच्या मोठ्या लीगमधला तुमचा हिशोब एका दमात सांगून होतो: 1905 मध्ये वॉशिंग्टनकडून एक सामना, 1908 मध्ये फिलाडेल्फियाकडून आठ. नऊ सामने, खेळ खलास. एवढ्या भांडवलावर कितीतरी माणसं उरलेलं आयुष्य जुन्या गोष्टी सांगत काढतात. तुम्ही मात्र छोट्या लीग आणि छोटी गावं धरलीत. मधेच 1907 मध्ये क्लेमसन कॉलेजच्या फुटबॉल संघाला शिकवलंत. ऑटावात बेसबॉलचा संघ चालवलात, तिथेच हॉकीतही हात घातलात.

1912 मध्ये इथल्याच मॅकगिल विद्यापीठाने तुम्हाला फुटबॉल शिकवायला बोलावलं आणि 1928 पर्यंत ते काम तुमच्याकडे राहिलं. कॅनडातल्या विद्यापीठ फुटबॉलमधले पहिले पगारी प्रशिक्षक म्हणून तुमचं नाव घेतात. खेळ हौसेने खेळायचा आणि हौसेनेच शिकवायचा अशी इथली रीत. तिथे पगार घेणारा, तोही अमेरिकन, म्हणजे नाकं मुरडली गेलीच असणार. हातातला चेंडू पुढे फेकायची मुभा द्या, म्हणजे फॉरवर्ड पास येऊ द्या, असा तुमचा धोशा होता. कॅनडाच्या नियमांत ती मुभा 1931 मध्ये आली, तेव्हा तुम्ही मॅकगिल सोडून गेला होतात. माउंट रॉयलच्या उतारावरच्या, मॅकगिलच्या मोल्सन स्टेडियमवरून जाताना मला आता याचीच आठवण होते. अर्थात कॉलेजच्या हिवाळ्याबरोबर बेसबॉलचा उन्हाळा चालूच होता: सिरॅक्यूज, प्रॉव्हिडन्स, अशी गावं फिरत संघ सांभाळणं.

पण आभार आहेत ते 1933 साठी.

महामंदीचे दिवस. मॉन्ट्रियल रॉयल्स या संघाचे तुम्ही जनरल मॅनेजर. लीग इंटरनॅशनल, म्हणजे मोठ्या लीगच्या एकच पायरी खाली. तिचा नियम साधा: आठ संघ, एप्रिल ते सप्टेंबर दीडशेच्या वर सामने, जो पहिला येईल तो विजेता. दुसऱ्याला काही नाही, चौथ्याला तर नाहीच नाही. पोटापाण्याची पंचाईत असलेल्या काळात जुलैमध्येच एखादा संघ पुढे निघून गेला, तर उरलेल्या सात गावांत तिकीट कोण काढणार? गावोगावच्या लीग तेव्हा पटापट बंद पडत होत्या. हॉकीत मोसमाच्या शेवटी बाद फेरी असते हे तुम्ही जवळून पाहिलेलं होतं. तीच बेसबॉलमध्ये आणा, असं तुम्ही सुचवलंत.

पहिल्याच वर्षी फजिती म्हणावी असं घडलं. 1933 च्या साखळीत न्यूअर्कने 102 सामने जिंकले. बाद फेरीचा गव्हर्नर्स कप मात्र बफेलोने नेला, आणि बफेलोचा हिशोब होता 83 विजय, 85 पराभव. जिंकण्यापेक्षा जास्त वेळा हरलेला संघ विजेता! जुन्या वळणाच्या लोकांनी काय तोंडसुख घेतलं असेल याची मला पक्की कल्पना आहे, कारण आमच्या कमिटीत तेच वाद अजून होतात: निम्मे संघ पुढे जाणार असतील तर मग आधीची साखळी खेळायची कशाला? प्रश्न खोटा नाही. पण तो पहिल्या क्रमांकावरच्या संघाचा प्रश्न आहे, आणि तुम्ही विचार केलात तो बाकीच्या गावांचा.

बरं, नियम स्वतःच्या सोयीचा केला असंही कुणी म्हणू शकत नाही. 1935 मध्ये रॉयल्स साखळीत पहिले आले, व्यवस्थापक खुद्द तुम्ही, आणि तुमच्याच बाद फेरीत सिरॅक्यूजने कप तुमच्या हातून काढून घेतला. तुम्ही नियम बदलला नाहीत.

नियमाची खरी किंमत 1937 मध्ये कळते. न्यूअर्कचा तो संघ यँकीज या मोठ्या लीगमधल्या संघाच्या मालकीचा, 109 जिंकले आणि 43 हरले, दुसऱ्या क्रमांकापेक्षा साडेपंचवीस सामन्यांनी पुढे. जुन्या नियमाने तो मोसम ऑगस्टच्या आधीच मेला असता. तुमच्या नियमाने दुसऱ्या ते चौथ्या जागेसाठी मारामारी चालू राहिली, गेटवर लोक येत राहिले. शेवटी न्यूअर्कनेच बाद फेरीत ओळीने आठ सामने मारून कप नेला, ती गोष्ट वेगळी.

तोवर तुम्ही लीगचे अध्यक्ष झाला होतात, 1936 पासून. ती खुर्ची तुम्ही 1960 पर्यंत सांभाळलीत. मंदी गेली, युद्ध आलं, मग टीव्ही आला आणि मायनर लीगची प्रेक्षागृहं ओस पडली. तेवढ्या काळात ही लीग टिकली हे लहान काम नव्हे. त्याबद्दल मी दोनच ओळी लिहितोय, कारण टिकवण्याच्या कामात सांगण्यासारखे प्रसंग फारसे नसतात. पत्रं, फोन, उधारी, समजुती.

एक प्रसंग मात्र आहे, आणि आभारपत्रात तो टाळला तर हे पत्र खोटं होईल. 1946 मध्ये मोठ्या लीगमधल्या ब्रुकलिन डॉजर्सचे प्रमुख ब्रँच रिकींनी जॅकी रॉबिन्सनला मॉन्ट्रियल रॉयल्सकडे पाठवलं. गोऱ्यांच्या संघटित बेसबॉलमध्ये त्या काळातला पहिला काळा खेळाडू, आणि तो तुमच्या लीगमध्ये. तुम्ही अडवलं नाहीत. पण रॉयल्सचा संघ बाल्टिमोरला जायची वेळ आली तेव्हा तुम्ही रिकींना फोन करून विनवलंत की रॉबिन्सनला तिथे आणू नका, दंगल होईल. रिकींनी ऐकलं नाही. बाल्टिमोरमध्ये रॉबिन्सनने शिव्या खाल्ल्या, आणि तो खेळला. तुमची भीती खरी असेलही. तरी तुमच्या एवढ्या वर्षांच्या खेळातला हा फोन मला खटकतो. त्या वर्षी रॉबिन्सनने .349 च्या सरासरीने फटके मारले, रॉयल्स साखळीतही पहिले आणि बाद फेरीतही. पुढची, दुसऱ्या लीगच्या विजेत्याविरुद्धची मालिका जिंकल्यावर मॉन्ट्रियलचे गोरे लोक डेलोरिमिए स्टेडियमबाहेर त्याच्या मागे आनंदाने धावले. ते स्टेडियम आता नाही.

आणि 1959! क्युबातल्या हवानाचा शुगर किंग्ज हा संघ तेव्हा तुमच्या लीगमध्ये होता. जानेवारीत क्रांती, जुलैत स्टेडियममध्ये हवेत झाडलेल्या गोळ्या मैदानावरच्या दोघांना चाटून जाण्याइतपत गोंधळ. साखळीत हवाना तिसरा. जुना नियम असता तर विषय तिथेच मिटला असता. तुमच्या नियमाने तो संघ बाद फेरीत गेला, कप जिंकला आणि दुसऱ्या लीगच्या विजेत्याविरुद्ध, म्हणजे मिनियापोलिसविरुद्ध, होणाऱ्या ज्युनियर वर्ल्ड सिरीजला पोचला. तिकडे थंडी इतकी की मालिकेचे बहुतेक सामने हवानातच झाले, कॅस्ट्रो प्रेक्षकांत. हवानाने 4-3 अशी मालिका घेतली. पुढच्याच जुलैमध्ये, तुमच्या अध्यक्षपदाच्या अखेरच्या वर्षी, तो संघ हवानातून उचलून जर्सी सिटीला न्यावा लागला.

आता एक तक्रार. मी मूळचा मुंबईचा. आयपीएलच्या पहिल्या तीन मोसमांत हाच प्रकार होता: पहिले चार संघ, पहिला विरुद्ध चौथा, दुसरा विरुद्ध तिसरा. 2009 मध्ये चौथ्या क्रमांकाच्या डेक्कनने, गिलख्रिस्टच्या 35 चेंडूंतल्या 85 धावांच्या जोरावर, पहिल्या क्रमांकाच्या दिल्लीला घरी पाठवलं आणि चषकही नेला. तेव्हा मी टाळ्या वाजवल्या. 2010 मध्ये मुंबई साखळीत पहिली आली, आणि नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर तिसऱ्या क्रमांकाच्या चेन्नईने अंतिम सामना मारला. सचिन हाताला टाके असताना खेळला होता हो! त्या रात्री तुमचं नाव माहीत असतं तर दोन शिव्या तुमच्या वाट्याला नक्की आल्या असत्या. 2011 पासून पहिल्या दोघांना जास्तीची एक संधी देणारी, ऑस्ट्रेलियन वळणाची पद्धत आली. ती जास्त न्याय्य आहे हे मान्य. पण चार संघ पुढे जातात ते जातातच.

कुणालाच पगार नसलेल्या आमच्या या लीगमध्ये तुम्ही काय करून ठेवलंय ते सांगतो. मागच्या मोसमातला साखळीचा शेवटचा रविवार. चौथ्या जागेसाठी तीन संघ अडकलेले, दोन मैदानांवर दोन सामने एकाच वेळी. थर्ड मॅनला उभे असलेले एक काका, गुडघ्याला पट्टा, दर षटकानंतर सीमारेषेबाहेर बसलेल्या नातीकडे बघायचे. ती फोनवर दुसऱ्या मैदानाचा धावफलक बघून बोटांनी किती गडी बाद झाले ते दाखवायची. मधेच तिने चारऐवजी पाच बोटं दाखवली आणि काकांनी हातातला सोपा चेंडू सोडला. दोन्ही संघ अकरा-अकरा, बाहेर राखीव खेळाडू पॅड बांधून, नेट रनरेटवरून एका सीए आणि एका इंजिनियरची कडाक्याची भांडणं. ऑगस्टचा शेवट होता. सासऱ्यांना सरळ विमानतळावरून मैदानावर आणलं होतं.

काकांचा संघ चौथा आला, आणि पुढच्या रविवारी पहिल्या क्रमांकाकडून सपाटून हरला. त्याचं त्यांना काही वाटलं नाही.

कपाला तुमचं नाव द्यावं असा ठराव मी कमिटीत मांडला होता. तो पडला, कपाचा खर्च समोशाच्या दुकानदाराने केल्यामुळे कप त्याच्या नावाचा. पण वेळापत्रक मीच छापतो. यंदापासून त्यात उपांत्य फेरीच्या रविवारी "शॉनेसी फेरी" असं लिहिलेलं आहे. एका खेळाडूने ते आयरिश पबचं नाव समजून पत्ता विचारला आहे.

कळावे, लोभ असावा.

आपला,
रविवारच्या लीगचा वेळापत्रकवाला,
मॉन्ट्रियल