मांजर ओरडते म्हणून देऊन टाकण्यापूर्वी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आमच्या सोसायटीच्या सूचनाफलकावर गेल्या आठवड्यात एक चिठ्ठी लागली : ‘मेन कून मांजर, वय एक वर्ष, देणे आहे. दिसायला सुंदर, पण रात्रभर ओरडते.’ अशा मजकुराची वर्षभरात माझ्या पाहण्यातली ही तिसरी चिठ्ठी. याच जातीचा एक बोका पाच वर्षे आमच्या घरात असल्यामुळे त्या ‘पण’विषयी चार शब्द लिहावेसे वाटले.

मेन कून ही अमेरिकेच्या ईशान्य टोकाला असलेल्या मेन राज्यातली, बर्फाच्या प्रदेशात घडलेली जात आहे. १९८५ पासून तिला त्या राज्याच्या अधिकृत मांजराचा मान आहे. अंगावर दुहेरी केस, कानांना आणि पंज्यांना झुपके, झाडूसारखी शेपूट, आणि पूर्ण वाढीला तीन-चार वर्षे. आमचा बोका सात किलोंचा आहे, पण आवाज चिमणीचा! आल्यागेल्याला तो ‘र्र्र्यू?’ अशा चढत्या स्वरात काहीतरी विचारतो आणि उत्तर मिळेपर्यंत थांबत नाही, म्हणून मुलीने त्याचे नाव ‘बुवा’ ठेवले. हा स्वर मांजरी पिलांना बोलावताना काढतात. मोठी झालेली मांजरे एकमेकांशी ‘म्याव’ फारसे करीत नाहीत. ते बहुतांशी माणसांसाठी राखून ठेवलेले असते. तेव्हा अशी मांजर घरी आणायची आणि ती बोलते म्हणून तक्रार करायची, हे कीर्तनकाराला आमंत्रण देऊन शांततेची अपेक्षा धरण्यासारखे आहे.

मात्र या बडबडीचा एक धोका आहे आणि तो मी स्वतः अनुभवला आहे : घरातल्यांना तिची सवय होते आणि मग ऐकणेच बंद होते. दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात बुवा एका रात्री पुन्हा पुन्हा आपल्या वाळूच्या घमेल्यात जाऊन बसत होता आणि खालच्या पट्टीत लांबलचक सूर काढत होता. शेजारच्या बेन गॅलरीतून हसत म्हणाल्या, ‘आजे बिलाडो बहु वातो करे छे’ (आज बोका फारच गप्पा मारतो आहे). आम्हीही हसलो आणि झोपलो. पहाटे घमेल्यातली वाळू कोरडी दिसली, तेव्हा मात्र छातीत धस्स झाले. पशुवैद्यांनी पोट चाचपले तर मूत्राशय संत्र्यासारखे टणक लागत होते. भूल देऊन नळी घालावी लागली आणि तीन दिवस सलाईनवर ठेवावे लागले. बोक्याचा मूत्रमार्ग अरुंद असतो. तो पूर्ण बंद झाला की रक्तातले पोटॅशियम वाढत जाते आणि एक-दोन दिवसांत हृदय बंद पडू शकते. रात्रभर तो आम्हाला हेच सांगत होता आणि आम्ही त्याला गप्पा समजत होतो.

त्या दिवसापासून तो किती बोलतो याऐवजी आज वेगळे काय बोलतो आहे, याकडे आम्ही लक्ष देतो. वयात आलेली आणि नसबंदी न झालेली मांजर माजावर आली की रात्र रात्र टाहो फोडते. म्हातारी मांजर अचानक रात्री ओरडू लागली तर थायरॉइड किंवा रक्तदाब तपासून घ्यावा लागतो. आणि गप्प बसणे हेही बोलणेच आहे. बडोद्याचा पारा त्रेचाळीसवर जातो तेव्हा बुवा मौन धरून न्हाणीघराच्या कोटा फरशीवर आडवा होतो. मांजराला घाम येतो तो मुख्यतः पंज्यांच्या तळव्यांना. त्यामुळे ती तोंड उघडून धापा टाकू लागली तर वाट न पाहता ओल्या फडक्याने अंग पुसत दवाखाना गाठावा. उन्हाळ्यात अशा मांजरांचे केस सरसकट भादरून घेण्याची टूम निघाली आहे, ती मला पटत नाही, कारण ते केस उन्हापासून कातडीचे रक्षणही करतात. त्यापेक्षा काखेत, कानांमागे आणि मागच्या पायांच्या आतल्या बाजूला जट होऊ न देणे अधिक महत्त्वाचे. आठवड्यातून तीनदा स्टीलचा कंगवा फिरवायला दहा मिनिटे लागतात; त्या दहा मिनिटांत आमच्याकडे अखंड निरूपण चालू असते.

आणखी एक गोष्ट आपल्या मराठी घरांसाठी लिहितो. आमचे घर शाकाहारी, आणि मांजर म्हटले की दूधभात, हे मनात पक्के. परंतु मोठ्या मांजराला बहुधा दूध पचत नाही आणि भातात टॉरिन नसते. हे द्रव्य मांसातून मिळते; त्याच्या अभावी मांजराची दृष्टी जाते आणि हृदय कमकुवत होते. आईने महिनाभर कुरकुर केली आणि मग बुवाच्या उकडलेल्या कोंबडीसाठी वेगळे पातेले व वेगळी शेगडी गच्चीत मांडून दिली. त्याचे मुख्य जेवण मांजरांसाठीचा तयार ओला आहार आहे, कारण त्यातून पोटात पाणीही जाते आणि लघवीच्या विकाराला थोडा आळा बसतो.

आपल्या पत्राद्वारे पिले विकणाऱ्यांना एवढीच विनंती करावीशी वाटते की रुबाबदार छायाचित्रांबरोबर हा आवाज, हा कंगवा आणि हा खर्चही गिऱ्हाइकाला आधीच सांगावा.

ता. क. चिठ्ठीवरच्या क्रमांकावर मी फोन केला होता. मांजरीची नसबंदी झालेली नव्हती आणि ती दर पंधरवड्याने चार-पाच दिवस ओरडत होती. शस्त्रक्रियेसाठी पुढच्या सोमवारची वेळ घेतली आहे आणि चिठ्ठी तूर्त फलकावरून काढली आहे.

— एक वाचक, दांडिया बाजार, वडोदरा