तुझो नेम बरोबर आसा

काका,

सप्रेम नमस्कार.

कणकवलीला तुमच्या टीव्ही दुरुस्तीच्या दुकानात येऊन गेल्याला आज अकरा दिवस झाले. रोज फोन हातात घेते आणि ठेवून देते, कारण बोलायला लागले तर रडू येईल हे मला माहीत आहे. म्हणून लिहिते आहे. आणि चारचौघांना वाचता येईल असं लिहिते आहे, कारण तुम्ही जे केलंत ते चारचौघांना कळायला हवं.

आमचा बाळ, माझा भाऊ, 41 वर्षांचा आहे, पण समज पाच-सहा वर्षांच्या मुलाची. त्याला पैसे मोजता येत नाहीत, वाचता येत नाही. एकच गोष्ट त्याला घरात सगळ्यांपेक्षा चांगली यायची, बदकांचा गेम. बाबांनी मुंबईहून आणलेलं ते टीव्हीला जोडून खेळायचं कॅसेटचं मशीन. निन्टेंडोने 1983 साली जपानात जे मशीन काढलं, त्याच्या नकला पुढे आपल्याकडे घरोघर आल्या होत्या, त्यांतलंच एक. सोबत काळी बंदूक. गणपतीत मुंबईची भावंडं यायची, आरती झाली की माजघरात टीव्हीसमोर रांग लागायची आणि सगळे एकामागून एक बाळकडून हरायचे. बाबा गेले, भावंडांची पोरं मोठी झाली, मोबाईल आले. बाळचा गेम मात्र रोज संध्याकाळी दिवा लागला की सुरू व्हायचा.

यंदा मे महिन्याच्या शेवटी वीज कडाडली आणि आमचा जुना टीव्ही गेला. आईने तिच्या पेन्शनमधून नवा एलईडी आणला, बाळसाठीच आणला. भिंतीएवढा मोठा पडदा. मशीन जोडलं, तर चित्र आडवं ताणलेलं, कुत्रा फुगलेला, बदकांच्या कडा थरथरणाऱ्या. तेही चाललं असतं. पण बाळने बंदूक मारली आणि बदक पडलं नाही. दुसरं पडलं नाही. दहातलं एकही पडलं नाही. ज्यांनी तो गेम खेळला आहे त्यांना माहीत असेल, बदक सुटलं की गवतातून कुत्रा वर येतो आणि हसतो. आयुष्यात बाळने तो हसणारा कुत्रा क्वचितच पाहिला होता. त्या संध्याकाळी त्याने तो किती वेळा पाहिला, मला मोजवलं नाही. तो बंदूक उलटीसुलटी करून बघायचा, मग स्वतःच्या हाताकडे बघायचा.

काका, त्यानंतरचे तीन आठवडे मी विसरू शकत नाही. ज्या दुकानातून टीव्ही घेतला तिथे गेलो, तर म्हणाले बंदूक खराब. नवी मागवली. तीही चालेना. मग एक छोटी डबी विकली, पिवळी-पांढरी पिन एका बाजूला आणि एचडीएमआय दुसऱ्या बाजूला. म्हणाले, आता बघा, एकदम क्लिअर. चित्र होतं त्याहून मऊ झालं आणि बदकं तशीच उडत राहिली. तिसऱ्या खेपेला काउंटरवरचा मुलगा बाळच्या समोर मला म्हणाला, "ताई, मशीनमध्ये काही नाही. ह्यांना कळत नाही, कुठेही मारतात." मी काही बोलले नाही. तेव्हा बोलायला हवं होतं, हे मला आजही सलतं. बाळने त्या दिवसापासून बंदूक फडताळात ठेवून दिली. संध्याकाळी दिवा लागला की पडवीत जाऊन बसायचा.

तुमचं नाव आम्हाला एका रिक्षावाल्याने सांगितलं. दुकान बघून मला खरं म्हणजे वाटलं, इथे काय होणार. उघडे पडलेले सेट, भिंतीला टांगलेल्या वायरी, सोल्डरचा वास. मी सांगायला सुरुवात केली. तुम्ही हात वर करून मला थांबवलंत, पुढचं स्टूल बाळकडे सरकवलंत, आणि त्याला विचारलंत, "तू सांग रे झिला. काय जाता नेमका?"

बाळला असं कोणी विचारत नाही. डॉक्टर आईला विचारतात, दुकानदार मला विचारतात. तो गप्प राहिला. तुम्हीही गप्प राहिलात. बाहेर एसटी गेली, गिऱ्हाईक येऊन उभं राहिलं, तुम्ही त्याला बसा म्हणालात. मग बाळ हळूच म्हणाला, "मारतंय तरी पडणा नाय."

तुम्ही फक्त एवढंच म्हणालात, "तुझो नेम बरोबर आसा. चुकता तो टीव्ही."

माझ्याकडे बघून नाही, त्याच्याकडे बघून. माझ्या भावाचा चेहरा त्या क्षणी कसा झाला ते लिहायला माझ्याकडे शब्द नाहीत.

मग तुम्ही कोपऱ्यातला 21 इंची जुना, काचेच्या पिक्चर ट्यूबचा सेट पुढे ओढलात. कोणीतरी दुरुस्तीला टाकून परत न्यायला आलेलाच नाही असा. आमचं मशीन त्याला लावलंत. जुन्या टीव्हीला आम्ही ते अँटेनाच्या वायरने जोडायचो. तुम्ही म्हणालात, असं केलं की मशीन चित्राला चॅनेलच्या लहरीत कोंबतं आणि टीव्ही ते पुन्हा उपसून काढतो, त्यात मुंग्या येणारच. पिवळ्या पिनेने चित्र सरळ आत जातं. मागचं झाकण काढून एलओटीवरचा, म्हणजे ट्यूबला जास्त दाबाची वीज देणाऱ्या ट्रान्सफॉर्मरवरचा, फोकसचा स्क्रू तुम्ही केसाएवढा फिरवलात, पुन्हा मागे, पुन्हा पुढे, पुढे आरसा ठेवून. मी उभी होते तिथून दिसलं. गवताच्या पातीन् पाती वेगळ्या झाल्या, निळ्या आभाळात बारीक आडव्या रेघा उमटल्या. नव्या टीव्हीवर असं चित्र आम्ही एकदाही पाहिलं नव्हतं. हे मशीन जेमतेम 240 ओळींचं चित्र काढतं आणि ते ट्यूबसाठीच काढतं, असं तुम्ही सांगितलंत. एलईडी त्या 240 ओळी ताणून 1080 करतो, मधल्या जागा अंदाजाने भरतो. मग चित्र धूसर होणार नाही तर काय?

बाळने मारलं. बदक पडलं.

तो ओरडला नाही. त्याने मागे वळून आधी तुमच्याकडे बघितलं.

तुम्ही तिथेच थांबला असतात तरी आमचं काम झालं होतं. पण तुम्ही माझा मोबाईल मागून घेतलात, स्लो मोशन लावलंत, त्याला पुन्हा मारायला सांगितलंत आणि चित्रण त्याला दाखवलंत. घोडा दाबला की पडदा क्षणभर पूर्ण काळा होतो. लगेच पुढच्या चित्रात बदकाच्या जागी एक पांढरा चौकोन येतो. सेकंदाला 50 चित्रं, त्यातलं एखादं, डोळ्याला नुसती चमक दिसते. बंदूक गोळी मारतच नाही, ती बघते. आधी काळं आणि मग पांढरं दिसलं की बदक पडलं. ट्यूबमध्ये आतला किरण सेकंदाला 15,625 ओळी ओढतो, चित्र आलं तसं तत्क्षणी दिसतं आणि बंदुकीला ती लुकलूक ओळखू येते. एलईडीत तसा किरणच नाही, शिवाय तो चित्र आधी स्वतःजवळ ठेवून घेतो, सारखं करतो आणि मग दाखवतो. मशीन विचारतं, दिसला का चौकोन? तोवर तो पडद्यावर आलेलाच नसतो. नवी बंदूक काय आणि ती डबी काय, त्या टीव्हीवर बाळचा नेम लागणारच नव्हता. हे सगळं तुम्ही मालवणीत, बोट ठेवून ठेवून, त्याला सांगितलंत. त्याला किती कळलं मी सांगू शकत नाही. पण पांढरा चौकोन त्याला कळला. आता घरी येईल त्याला तो मोबाईलवर दाखवतो आणि म्हणतो, "ह्यो बघ. माझो नेम."

सेटचे पैसे तुम्ही घेतले नाहीत. कंडेन्सर आणि वायर, एवढ्याचेच घेतलेत. मी आग्रह केला तर म्हणालात, "रवांदे गो. तो पडानच होतो."

काका, हुशार माणसं खूप भेटतात. एलईडी विकणारा तो मुलगाही हुशारच असेल. पण समोरच्याला माणूस धरून त्याच्याशी बोलणं, त्याच्या बोलण्याची वाट बघणं, गिऱ्हाईक ताटकळत असताना वाट बघणं, हे कुठल्या कोर्समध्ये शिकवत नाहीत. आमच्या आजीच्या पिढीत अशी माणसं वाडीवाडीत होती. दारात आलेल्या वेड्यालाही ती आधी पाणी विचारायची, मग नाव. मला वाटायचं ती संपली. तुमच्या त्या दोन-चार शब्दांनी माझ्या भावाचा 41 वर्षांचा मान त्याला परत दिला. आई तर म्हणते, ह्यो माणूस नाय, ह्यो देवमाणूस. तिने आमसुलं बांधून ठेवली आहेत. शिरवाळेही करणार आहे म्हणते. गणपतीला तुम्ही आणि काकू नक्की यायचं. मुंबईची मंडळी येणार आहेत, बाळने सगळ्यांना फोनवर आव्हान देऊन ठेवलं आहे.

आणखी एक सांगायचं राहिलं. निघताना तुम्ही सेटची पिन बाळच्या हातात दिली होती आणि म्हणाला होतात, "गडगडाक लागला की ही काढूची. ही तुझी ड्युटी." मला नाही सांगितलंत, त्याला सांगितलंत. परवा मध्यरात्री ढग वाजायला लागले. मी उठून माजघरात आले तर बाळ अंधारात टीव्हीशेजारी उभा होता, पिन हातात धरून. म्हणाला, "ताई, तू नीज. मी आसंय."

तुमची,
बाळची ताई