तेच करून जे हरले, त्यांचे काय?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कुठलाही निकाल लागला की दुसऱ्याच दिवशी त्याचे कारण छापून येते. अमुक पक्ष नेत्यामुळे जिंकला, तमुक कंपनी बेफिकिरीमुळे बुडाली, शाळेचा निकाल नव्या मुख्याध्यापकांमुळे वर गेला. ही कारणे खोटी असतात असे नाही, पण ती तोलून पाहिलेली नसतात. मी आयुष्यभर संख्याशास्त्र शिकवले. ही घाई मला अस्वस्थ करते, म्हणून हे पत्र.

ब्रिटनमधल्या दोन निवडणुका शेजारी ठेवून पाहा. २०१७ मध्ये मजूर पक्षाला ४० टक्के मते आणि २६२ जागा मिळाल्या. पक्ष विरोधातच राहिला. २०२४ मध्ये त्याची मते ३४ टक्क्यांच्याही खाली गेली आणि जागा झाल्या ४११. मतांचा आकडा एक कोटी २८ लाखांवरून सुमारे ९७ लाखांवर आला होता, तरी चर्चा दणदणीत विजयाचीच झाली. नेतृत्वाचा, प्रचाराचा त्यात वाटा असेलही. पण तेव्हा सत्तेत असलेल्या हुजूर पक्षाची बरीच मते रिफॉर्म या दुसऱ्या उजव्या पक्षाने खेचली, मतदान ६० टक्क्यांच्या आसपास उतरले आणि मतदारसंघात सर्वाधिक मते घेणारा एकटाच निवडून येतो अशी तिथली पद्धत. या तिन्ही गोष्टी बाजूला ठेवून नेत्याच्या करिष्म्यावर लेख लिहायचा, तर २०१७ च्या पराभवाचे कारण काय सांगणार?

उद्योगातही तेच. 'कोडॅकला डिजिटल युग दिसले नाही' हे वाक्य आपण सर्वांनी ऐकले आहे. प्रत्यक्षात डिजिटल कॅमेऱ्याचा पहिला नमुना १९७५ मध्ये कोडॅकच्याच एका अभियंत्याने बनवला. पुढे कंपनीने असे कॅमेरे भरपूर विकलेही. पण कॅमेऱ्यात भरायच्या फिल्मवर जो नफा सुटायचा, तो त्या कॅमेऱ्यांवर सुटत नव्हता. २०१२ मध्ये कंपनीने दिवाळखोरीसाठी अर्ज केला. फिल्मच विकणारी फुजीफिल्म मात्र तगली. तिने आपले रसायनांचे ज्ञान एलसीडी पडद्यांना लागणाऱ्या फिल्ममध्ये, औषधांत, सौंदर्यप्रसाधनांत वापरले. संकट दोघींनाही दिसले होते. तेव्हा 'दूरदृष्टी नव्हती' एवढ्यावर थांबलो, तर खरे शिकण्यासारखे हातातून निसटते.

शिक्षणाच्या बाबतीत ही घाई मला सर्वात जास्त खुपते. अमेरिकेतल्या टेनेसी राज्यात १९८५ पासून चार वर्षे एक मोठा प्रयोग झाला. चिठ्ठ्या टाकाव्यात तशी मुले लहान, म्हणजे कमी मुलांच्या, आणि नेहमीच्या वर्गांत वाटली, आणि लहान वर्गांतली मुले पुढे असल्याचे दिसले. १९९६ मध्ये कॅलिफोर्नियाने तोच उपाय राज्यभर एकदम लागू केला. हजारो नवे शिक्षक लागले, पूर्ण पात्रता नसलेल्यांनाही घ्यावे लागले. टेनेसीइतका स्पष्ट लाभ तिथे हाती लागला नाही. वर्ग लहान करणे चूक नव्हते. पण त्या यशात शिकवणाऱ्याचे वजन किती, हे आधी कोणी पाहिलेच नाही.

माझ्या एका सहकारी शिक्षिकेच्या वर्गात २० मुले होती. एका वर्षी १९ पास झाली. ९५ टक्के! त्यांचा सत्कार झाला. पुढच्या वर्षी १६ पास झाली, निकाल ८० टक्के, आणि त्यांच्याकडून लेखी खुलासा मागवला गेला. बाई त्याच, शिकवणे तेच, कष्टही तेवढेच. वीस मुलांच्या वर्गात एका मुलाने निकाल पाच टक्के हलतो; तीन मुलांचा फरक कुठल्याही वर्षी पडू शकतो. सत्काराच्या वर्षी बाईंचे कौतुक करताना हे कोणी बोलले नाही, म्हणून खुलाशाच्या वर्षी बोलायला तोंड उरले नाही. बाईंनी तो वर्ग सोडला. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली होती, आणि दोन्ही वर्षी आम्ही कावळ्यालाच धरले.

आपल्याकडे दोन मागण्या आहेत. यशाचे कारण सांगणारा लेख छापताना तेच करून जे हरले त्यांच्यासाठी त्यात एक परिच्छेद ठेवावा. आणि शाळांचे निकाल देताना टक्क्यांशेजारी परीक्षेला बसलेल्या मुलांची संख्या आणि मागच्या पाच वर्षांचे आकडे छापावेत. जागा थोडी जास्त लागेल, पण येत्या निकालापासूनच हे सुरू करावे, ही कळकळीची विनंती.

आपला नियमित वाचक,
एक निवृत्त शिक्षक