वॉचमनचा ॲडव्हान्स

प्रिय भावा,

तुझा मेसेज वाचला, सोसायटीचा वॉचमन ॲडव्हान्स मागतो, हातात मात्र नवा मोबाईल, या लोकांना सेव्हिंगची सवयच नाही म्हणून गरीब राहतात वगैरे. रिप्लाय लिहायला बसलो आणि लांबतच गेला, आता पत्र समजून वाच.

तूच सांगितलंस ना तो बीडच्या धारूरकडचा, आईबाप ऊसतोडीला जातात. मग हिशोबच करू, तुला आवडतो. कारखाना सुरू व्हायच्या आधी नवराबायकोची जोडी मुकादमाकडून, म्हणजे मजूर पुरवणाऱ्या ठेकेदाराकडून, उचल घेते, ॲडव्हान्सच तो, लाखभर धर. त्यातच पावसाळा काढायचा, पोरांची फी, आधीचं देणं, सगळं. 2024 च्या जानेवारीत करारात 34 टक्के वाढ मिळाली तेव्हा कुठं तोडणीचा दर टनाला साडेतीनशेच्या वर गेला. दोघं पहाटेपासून फडात राबले तर दिवसाला दोनेक टन, म्हणजे सातशे-सव्वासातशे रुपये. लाख फिटायला साडेचार महिने लागले की रे, ते पण एक खाडा न करता, आणि तेवढ्यात कारखान्याचा पट्टा पडतो, म्हणजे सीझनच संपतो. ऊस कमी असला, सीझन लवकर आटोपला की राहिलेली बाकी पुढच्या वर्षी परत डोक्यावर. खाड्याला दंड वेगळा. 2019 ला बीडच्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या काढल्याचं प्रकरण पेपरात गाजलं होतं बघ, पाळीत खाडा नको हे त्यातलं एक कारण. आता यात तुझी एसआयपी कुठं बसवायची सांग.

आणि बचत करत नाहीत असं नाहीच मुळी. बायकांचा बचत गट असतो, भिशी असते, दारात शेळ्या असतात, तीच त्यांची एफडी. पण कुणाचं ऑपरेशन निघालं की भिशी, शेळ्या सगळं जातं आणि वर सावकार, शेकडा पाचनं. महिन्याला हं, म्हणजे वर्षाला 60. तुझ्या पीपीएफला 7.1 मिळतात. 60 नं कर्ज असलेला माणूस आधी ते फेडतो, तो तुझ्यापेक्षा हुशारच म्हणायचा.

दारू पिणारे आहेत, लग्नात उधळणारे आहेत, मान्य. तुझ्या लग्नाचा मंडप विसरलास काय?

आपलं काय झालं तर जायकवाडीचा उजवा कालवा गेवराईतून गेला. आपल्या आजोबांची रानं पाटाखाली आली, त्या पाण्यावर तुझी इंजिनिअरिंगची फी निघाली, माझं डीएड झालं. धारूरच्या डोंगरात पाणी चढत नाही. कालव्याची लाईन आखली तेव्हा तुझे आजोबा काय सेव्हिंग करत होते रे? तू अभ्यास केलास, रात्री जागलास, मी बघितलंय, पण त्या टायमाला तुला कुणी कोपीवर, फडाजवळच्या झोपडीत, धाकटी भावंडं सांभाळायला ठेवलं नव्हतं.

तर त्याला ॲडव्हान्स दे, पगारातून थोडं थोडं काप, मोबाईलचं काही बोलू नको, ड्युटीचे मेसेज त्याच्यावरच येतात ना. पाडव्याला येताना आईचा चष्मा तेवढा घेऊन ये, नंबर पाठवतो. वहिनीला नमस्कार.

तुझाच
बाळ्या