‘स्टेशनपासून दहा मिनिटं’ कोणाच्या पायांनी?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या वास्तू पुरवणीत घर बदलणाऱ्यांना सल्ला होता: थोडं लांब जा आणि त्याच पैशात दुप्पट जागा घ्या. ते कात्रण आमच्या फ्रिजवर तीन दिवस चिकटवलेलं होतं. चिकटवलं मुलीनं, काढलं मी. का काढलं, ते सांगायला हे पत्र.

आम्ही पाच माणसं विक्रोळीच्या कन्नमवार नगरात भाड्यानं राहतो. २२० फुटांची खोली, अकरा-अकरा महिन्यांचे करार, असे नऊ करार झाले. आता इमारत पुनर्विकासाला चालली आहे. मूळ मालकाला नवा फ्लॅट आणि तोवरचं भाडं मिळणार, आम्हाला दिवाळीपर्यंतची मुदत मिळाली. त्यात मालकाची चूक नाही, पण दहावा करार करायचा नाही एवढं ठरलं. यांचा पीएफ, माझ्या पाटल्या आणि सासूबाईंच्या वाट्याला आलेले संगमेश्वरकडच्या जमिनीचे पैसे मिळून २५ लाख जमले. वर ३५ लाखांचं कर्ज. साडेआठ टक्क्यांनी पंधरा वर्षांना लाखामागे ९८५ रुपये हप्ता बसतो, म्हणजे महिना साडेचौतीस हजार. वीस वर्षांना लाखामागे ८६८च बसले असते, पण यांचं वय पन्नास. बँकेतली मुलगी वीस वर्षं म्हटल्यावर नुसती गोड हसली.

साठ लाखांत काय काय मिळतं हे बघत उन्हाळाभर फिरलो. बदलापूरला नव्या इमारतीत टू बीएचके ४६ लाखांना. भांडुपला १९८०च्या सुमाराच्या इमारतीत २८५ फुटांचा वन बीएचके ५४ लाखांना. डोंबिवलीही पाहिली, पण तिथला एजंट दर भेटीला दोन लाख वाढवत गेला, म्हणून तो विषय तिथेच संपला.

बदलापूरच्या घराला बाल्कनी होती. घरातल्या सगळ्यांनी तिथे उभं राहून फोटो काढले. मुलगी यंदा दहावीत आहे, तिनं आपली खोली ठरवून टाकली, पडद्याचा रंगसुद्धा. ‘५९० कार्पेट’ असं एजंट म्हणाला, म्हणजे भिंतींच्या आतली वापरायची जागा ५९० चौरस फूट. घरी येऊन मी महारेराच्या, म्हणजे बांधकाम प्रकल्पांची नोंद ठेवणाऱ्या सरकारी प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर त्या प्रकल्पाचा नंबर टाकला. तिथे आकडा चौरस मीटरमध्ये असतो, ४७.६ दिसला. त्याला १०.७६ ने गुणलं तर ५१२ फूट. उरलेले ७८ फूट म्हणजे फोटो काढलेली ती बाल्कनी, जी कायद्याच्या व्याख्येत कार्पेटमध्ये धरतच नाहीत. इमारत अजून बांधकामात, त्यामुळे जीएसटी आहेच. किंमत ४५ लाखांच्या आत असती तर १ टक्का, ४६ लाख म्हणून ५ टक्के, म्हणजे २ लाख ३० हजार. वरचा एक लाख आम्हाला किती महाग पडला बघा. दोन वर्षांचा मेंटेनन्स आगाऊ, तो वेगळा.

तरीही घर स्वस्तच पडत होतं. म्हणून मी एक केलं. यांची बहीण बदलापूर पूर्वेला राहते. जुलैत एक आठवडा तिच्याकडे राहून मी रोज फोर्टच्या ऑफिसला गेले. बदलापूर ते सीएसएमटी ६८ किलोमीटर. वही पर्समध्ये होती, दाराला कडी लावल्यापासून ऑफिसच्या अंगठा मशीनपर्यंतची वेळ लिहीत गेले. जाहिरातीतली ‘स्टेशनपासून दहा मिनिटं’ मी साइटवरून चालून पाहिली: एकतीस. शेअर रिक्षानं अकरा, पण रांगेतली धरून चोवीस. पाच दिवसांची सरासरी एका बाजूला दोन तास दहा मिनिटं आली. बुधवारी पाऊस होता, त्या दिवशीचा आकडा मी हिशेबात धरलेलाच नाही. धरला असता तर तुम्ही म्हणाला असता, बाई मुद्दाम करतेय.

नणंद बिचारी रोज पोळ्या तयार ठेवायची. तिनंच सांगितलं, जागा बघताना नदी किती लांब ते आधी विचार. २७ जुलै २०१९ला उल्हास नदीचं पाणी चढलं आणि महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर-वांगणीच्या मध्ये अडकली होती, ते तिच्या डोळ्यांसमोर घडलं. एजंटच्या तोंडी मात्र नदी फक्त ‘रिव्हर व्ह्यू’ म्हणून येते.

भांडुपहून तीच मोजणी केली. भांडुपला सगळ्या फास्ट गाड्या थांबत नाहीत. स्लोनं घाटकोपरला यायचं, तिथे फास्ट पकडायची. सगळं धरून एक तास दहा मिनिटं. म्हणजे बदलापूरपेक्षा रोज जाऊन-येऊन दोन तास कमी. महिन्याला चोवीस दिवस ऑफिस असतं, त्याचे झाले अठ्ठेचाळीस तास: अख्खे दोन दिवस आणि दोन रात्री. मला निवृत्तीला अकरा वर्षं आहेत. गुणाकार केला तर २६४ दिवस-रात्र, जवळजवळ नऊ महिने. दोन बाळंतपणं झाली, हे तिसरं लोकलमध्ये उभ्यानं.

हा हिशेब मी रात्री जेवताना मांडला. यांचा कारखाना ठाण्यात वागळे इस्टेटला, यांना बदलापूर जड नव्हतं. मुलगा माटुंग्याला कॉलेजात जातो. तो म्हणाला, मी गाडीत अभ्यास करीन. गाडीत अभ्यास करणारा मुलगा मी अजून पाहिलेला नाही, पण बोलले नाही. मुलगी ताटावरून उठून गेली. सासूबाईंनी मात्र विचारलं, “घर एवढं मोठं आणि माणसं सगळी बाहेर. मग दिवसभर राखण कोण करणार, मी?”

आपल्या लेखात जागा, बजेट आणि ठिकाण या तिन्हींचा विचार होता, पण ‘कुटुंब’ जणू एकाच पायांनी चालतं असं धरून. आमच्याकडे बाल्कनी पाचांची होती आणि पहाटे पाचला उठून दोन डबे भरणं माझं होतं.

भांडुपचं घर काही स्वप्नातलं नाही. पलंग मांडला की कपाटाचं एकच दार उघडतं. वॉशिंग मशीन मोरीत जात नाही, देव्हारा भिंतीवर टांगावा लागेल. तळमजल्यावर एक खोली आणखी स्वस्तात होती. मी खालच्या किराणावाल्याला विचारलं, २६ जुलैला पाणी कुठवर होतं? २००५ म्हणायची गरजच पडत नाही. त्यानं शटरवर छातीएवढ्या उंचीला हात लावून दाखवला. म्हणून पहिला मजला. लिफ्ट नाही, एकोणीस पायऱ्या. सासूबाईंना घेऊन गेलो, त्या कठडा धरून ‘श्रीराम जय राम’ म्हणत चढल्या आणि वर पोचल्यावर म्हणाल्या, जप बरोबर पुरला.

मुलीला खोली मिळणार नाही, हे मला सलतं. दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. शेवटी खिडकीकडचा कोपरा आणि तिनं ठरवलेल्याच रंगाचा पडदा, एवढ्यावर तह झाला. पण शाळा बदलावी लागली नाही.

पैशाच्या बाजूनं एक गोष्ट लिहिते, कुणाच्या उपयोगी पडेल. मुंबईत मुद्रांक शुल्क ६ टक्के आहे. खरेदी फक्त बाईच्या नावावर असेल तर ५. घर माझ्या एकटीच्या नावावर घेतोय, ५४ हजार वाचले. यांनी सही करताना ‘आता मला हाकलशील’ म्हणून घेतलं. नोंदणीचे ३० हजार. हे पैसे बँक घराच्या किमतीत धरत नाही, रोख तयार ठेवावे लागतात, आणि पुष्कळ लोक इथेच तोंडघशी पडतात. जुनी इमारत असेल तर कन्व्हेयन्स झालाय का, म्हणजे जमीन सोसायटीच्या नावावर झालीय का, हे टोकन देण्याआधी विचारावं. आम्ही विचारलं, झालेला होता.

तेव्हा आपल्या पुरवणीला एवढीच विनंती. घराच्या बातमीत तरणतलावाचा फोटो असू द्या, पण खाली तीन आकडे छापा: महारेरात नोंदलेलं कार्पेट, महिन्याचा मेंटेनन्स आणि सकाळी आठ वाजता आपल्या बातमीदारानं स्वतः चालत मोजलेली स्टेशनपर्यंतची मिनिटं. बातमीदार बाई असेल आणि खांद्याला पर्स, हातात डब्याची पिशवी असेल तर फारच उत्तम.

जाता जाता. नव्या सोसायटीनं हस्तांतरण शुल्काच्या २५ हजारांच्या मर्यादेवर आणखी ७५ हजार ‘स्वेच्छा देणगी’ मागितली आहे. माझी स्वेच्छा अजून झालेली नाही, तसं लेखी कळवलं आहे.

आपली,
एक नोकरदार वाचक, विक्रोळी (पूर्व)

(नाव छापू नये. त्या सोसायटीचे सेक्रेटरी आपलंच वर्तमानपत्र घेतात.)