काऊगर्लचा इतिहास १९४८ पासून सुरू होत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतील अमेरिकन काऊगर्लवरचा लेख उत्सुकतेने वाचायला घेतला आणि खिन्न होऊन खाली ठेवला. १९४८ साली टेक्सासमधील सॅन अँजेलो येथे ३८ जणींनी स्वतःची संघटना स्थापन केली आणि तेथून स्त्रियांचा रोडिओ (उसळत्या घोड्यांवरील स्वारी, गुरे दोराने पकडणे अशा कसबांच्या स्पर्धा) सुरू झाला, असाच समज तो वाचून होतो. ती संघटना त्यांना का काढावी लागली, याबद्दल लेखात एक ओळही नाही.

त्याच्या कितीतरी आधीपासून या स्त्रिया उसळत्या, अंगावर कोणाला बसू न देणाऱ्या घोड्यांवर स्वार होत होत्या. मोंटानाच्या फॅनी स्पेरी यांनी १९१२ साली कॅनडातील कॅल्गरी येथे या प्रकारात स्त्रियांचे जागतिक अजिंक्यपद मिळवले, तेही रिकिबी न बांधता. त्या काळी बहुतेक स्त्री-स्वारांच्या दोन्ही रिकिबी घोड्याच्या पोटाखालून एकमेकींना बांधत. त्याने बैठक पक्की राहते हे खरे, पण घोडा कोसळला तर पाय वेळेवर सुटत नाही. १९२९ मध्ये ओरेगॉनमधील पेंडलटनच्या रिंगणात बॉनी मॅककॅरोल यांचा घोडा कोलमडला, पाय रिकिबीत अडकून त्या फरफटल्या गेल्या आणि काही दिवसांनी त्यांचे निधन झाले. त्यानंतर पेंडलटनने स्त्रियांची ही स्पर्धाच बंद केली. रोडिओत पुरुषही दगावले आहेत, पण त्यांच्या स्पर्धा चालूच राहिल्या.

हे मला इतके का लागते, ते सांगते. मी पशुवैद्यक म्हणून ग्रामीण भागात नोकरी केली. एका अडलेल्या म्हशीला सोडवताना तिची लाथ बसून माझे मनगट मोडले. हात बरा होऊन कामावर गेले, तर ‘तुमच्या काळजीपोटी’ मला कार्यालयातील नोंदवह्यांवर बसवण्यात आले होते. त्याच वर्षी एका सहकाऱ्याच्या बरगड्या बैलाने मोडल्या. तो रजा संपताच पुन्हा गोठ्यांवर जाऊ लागला आणि ते योग्यच होते. माझ्या बाबतीत जनावर धरायला आणखी एक माणूस द्यावा, खोडा दुरुस्त करावा, असे कोणालाही सुचले नाही. मला बाजूला करणे सर्वांत सोपे होते. पुढे गोठ्यावरचे काम परत मिळवण्यासाठी मला अर्जामागून अर्ज करावे लागले. पेंडलटनची हकिगत प्रथम वाचली तेव्हा ती मला परकी वाटली नाही.

लेखात पिंपांभोवती घोडा पळवण्याच्या शर्यतीचे कौतुक आहे आणि ते रास्त आहे. मात्र त्या शर्यतीतही समान बक्षीस कोणी आपणहून दिलेले नाही. १९८५ पर्यंत पुरुषांइतकी रक्कम द्या, अन्यथा आम्ही येणार नाही, असे संघटनेने १९८० मध्ये रोडिओ समित्यांना लेखी कळवले होते. हा लढा वगळून केलेला गौरव अपुरा राहतो.

रँचवरच्या, म्हणजे गुरे-घोडे पाळण्याच्या विस्तीर्ण मळ्यांवरच्या, स्त्रियांना तर ‘पतीला मोलाची साथ देणाऱ्या’ एवढ्यावर आटोपले आहे. टेक्सासच्या हेन्रिएटा किंग यांनी १८८५ मध्ये पती वारल्यावर कर्जासकट प्रचंड किंग रँच हाती घेतला आणि जावयाकडे व्यवस्थापन सोपवून १९२५ मध्ये स्वतःच्या मृत्यूपर्यंत त्याची मालकी सांभाळली. अमेरिकेच्या २०१७ च्या कृषिगणनेत एका शेतावर निर्णय घेणाऱ्या अधिक व्यक्तींची नोंद होऊ लागली, तेव्हा उत्पादकांमध्ये स्त्रियांचे प्रमाण ३६ टक्के निघाले. इतक्या जणींना ‘साथ’ या शब्दात बसवू नये.

लेखासोबतच्या छायाचित्राबद्दलही तक्रार आहे. मुकुट घातलेली, कॅमेऱ्याकडे पाहून हसणारी तरुणी तेथे आहे, घोड्यावर मात्र कोणीच नाही. फॅनी स्पेरी यांची घोड्यावरील जुनी छायाचित्रे उपलब्ध आहेत. पुढील पुरवणीत त्यांपैकी एक, १९२९ च्या घटनेच्या उल्लेखासह, छापावे, ही विनंती.

आपली,
एक निवृत्त पशुवैद्यक, सातारा