चिऊला

चिऊ,

काल फोनवर म्हणालीस, "सहा नंबरचा बेड रिकामा होता," आणि लगेच आत्याच्या गुडघ्याचं विचारायला लागलीस. मीही गुडघ्याचंच सांगत बसले. तो मुलगा घरी गेला असेल, दुसऱ्या वॉर्डात हलवला असेल, पण तू पुढे काहीच बोलली नाहीस म्हणजे... जाऊ दे, ते लिहायचं नाही असं ठरवून बसलेय.

तू कॅन्सरच्या वॉर्डात त्या पोरांकडे जातेस याचं बाबांना इतकं कौतुक आहे की येईल त्याला सांगत असतात. तुझी केमो चालू होती तेव्हा सुई म्हटलं की तू पलंगाखाली शिरायचीस. मग ती कॉलेजातली ताई यायला लागली, तिनं आधी तुला बाहुलीला सलाईन लावायला दिलं, मग साबणाचे फुगे काढले, "हळू फुंक, मोठा यायला हवा" म्हणत राहिली, आणि सिस्टरनी पट्टी चिकटवली तरी तू आपली फुंकतेच आहेस. "दुखणार नाही" असं ती कधीच म्हणाली नाही. "टोचेल थोडं, मी इथेच आहे, कुठला हात देतेस?" बाकी सगळं डॉक्टर ठरवायचे, हात तेवढा तू ठरवायचीस. आता तेच तू करतेस, मला आत कुठेतरी भरून येतं गं.

हात नीट धुतेस ना? आणि साधी सर्दी असली तरी जायचं नाही, पांढऱ्या पेशी खाली गेलेल्या पोराला नुसता ताप आला तरी धावपळ होते, कांजिण्या तर फारच वाईट. फोटो नाही काढायचे. "लवकर बरा होशील" असा शब्द द्यायचा नाही. शनिवारी येते म्हटलंस तर जायचंच, ती पोरं दाराकडे डोळे लावून असतात. सॉरी, हे सगळं तुला ट्रेनिंगमध्ये सांगितलंय, मी परत लेक्चर द्यायला लागले.

पण सहा नंबरचं कुणाशी बोललीस का? तुमच्या मॅडमशी तरी? जीव लावू नकोस असं मी म्हणणार नाही, जीव न लावता त्या पोरांपाशी बसताच येत नाही. तुझ्या शेजारच्या बेडवरची ती दोन वेण्यांची मुलगी मला अजून आठवते, तुलाही आठवत असणार, म्हणून धास्ती वाटते. वॉर्डात हसतेस ते ठीक, खोलीवर येऊन रडत जा. थोडे दिवस थांबावंसं वाटलं तर थांब, फक्त त्यांना सांगून थांब.

रविवारी दादा येतोय, तुझं लसीकरणाचं कार्ड त्याच्याबरोबर पाठवते, हॉस्पिटलवाल्यांनी मागितलंय म्हणालीस ना. मला सांगवत नसेल तर त्याच्याशी बोल.

आई